भीती नेमकी कुठे वाटली, ते सांगा

हॉरर पिक्चर बघून आल्यावर "मस्त आहे, बघच" किंवा "काही दम नाही" एवढ्यावर विषय संपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कॉमेडीचं तेवढ्यात भागतं. हॉररच्या बाबतीत ऐकणाऱ्याला बरंच काही ठरवायचं असतं: आपल्याला झेपेल का, रात्री एकट्यानं बघावं का, घरात पोरं जागी असताना लावावं का. नुसत्या 'मस्त'वरून त्याला यातलं काहीच कळत नाही.

मी बडोद्यात साऊंडचं काम करतो. नवरात्रात गरबा, गणपतीत मंडळं, एरवी लग्नकार्यं. दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर जेवणं झाली की पिक्चरच्या गप्पा रंगतात. निम्मी मंडळी मराठी, निम्मी गुजराती, आणि हॉररवर सगळ्यांचा जीव. कुठलं मत ऐकून माणूस खरोखर घरी जाऊन पिक्चर लावतो आणि कुठल्या मतावर नुसती मान डोलावतो, हे तिथं रोज दिसतं.

पहिली गोष्ट, कशावर बघितलं ते आधी सांगा. माझ्या दृष्टीनं निम्मं मत इथंच ठरतं. हॉररमधली भीती बऱ्याचदा लो-एंडमध्ये असते, म्हणजे कानापेक्षा छातीत जाणवणाऱ्या त्या खोल घुमणाऱ्या आवाजात. थिएटरात सबवूफर, म्हणजे खोल आवाजासाठीचे मोठे स्पीकर, तो आवाज अंगावर आणतात. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो निघतच नाही आणि पातळ टीव्हीचे स्पीकरही तिथं कमीच पडतात. त्यामुळे फोनवर बघून "भीतीच वाटली नाही" म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्यानं पिक्चर अर्धाच ऐकलेला असतो. घरी बघायचं तर हेडफोन लावा आणि मत देताना तेही सांगा.

'तुंबाड'चंच बघा. २०१८ला थिएटरात फारसा चालला नाही. मग लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तोंडोतोंडी सांगितलेल्या मतात केवढी ताकद असते बघा! मी त्याच्याबद्दल असं सांगतो: "थिएटरात बघितला. दचकवणारे प्रसंग कमी. पाऊस थांबतच नाही आणि त्या ओलीचाच जीवाला घोर लागतो. साखळीनं बांधलेली म्हातारी आणि तिला झोपवायला घ्यावं लागणारं हस्तर या शापित देवाचं नाव, तिथं माझा घसा कोरडा पडला. किळस येईल अशी दृश्यं आहेत, जेवताना लावू नकोस. मुळात ही हावरटपणाची गोष्ट आहे." पाच-सहा वाक्यं पुरतात. शेवट सांगावा लागत नाही आणि समोरच्याला आपलं आपण ठरवता येतं.

दचकणं आणि घाबरणं यात गल्लत करू नका. दचकवण्याची युक्ती अगदी सरळ असते. आधी सगळे आवाज खाली आणायचे, कानांना शांततेची सवय होऊ द्यायची आणि मग एकदम मोठा आवाज सोडायचा. त्यावर कुणीही उडेल, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. मांडवात माइकनं अचानक शिट्टी मारली तरी लोक असेच दचकतात. म्हणून बघितल्या बघितल्या मत देऊ नका, रात्र जाऊ द्या. सकाळी चहा घेताना जे दृश्य आपोआप आठवतं, ते खरं. त्याच्याबद्दल बोला.

किती सांगायचं, याचा माझा नियम सोपा आहे: ट्रेलरमध्ये दिसतं तेवढं आणि पहिल्या अर्ध्या तासातलं. पुढचं तोंडून काढायचं नाही. २०२३चा गुजराती 'वश' घ्या. फार्महाउसवर निघालेलं कुटुंब, वाटेत भेटलेला अनोळखी माणूस आणि त्याच्या ताब्यात गेलेली मुलगी. बस, इथंच थांबा. त्यावरून २०२४मध्ये हिंदीत 'शैतान' झाला आणि मुलीचं काम दोन्हीकडे जानकी बोडीवालानं केलं. 'वश'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तेव्हा आमच्या ओट्यावर गुजराती मंडळींइतकाच मलाही आनंद झाला. या जोडीवर बोलताना आधी कुठला बघितला ते सांगितलंच पाहिजे. गोष्ट माहीत झाली की दुसऱ्यात निम्मी भीती उरत नाही, आणि मग दोष विनाकारण दुसऱ्या पिक्चरच्या माथी येतो. मराठी 'लपाछपी' आणि त्याच दिग्दर्शकानं, विशाल फुरियानं, हिंदीत केलेला 'छोरी' यांनाही हेच लागू.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला सांगताय ते बघा. 'छोरी'त गरोदर बाई आहे, उसाचं रान आहे आणि विषय मुलींच्या जिवावर उठलेल्यांचा आहे. घरात कुणाला दिवस गेलेले असतील तर "भारी आहे, बघ वहिनी" असं सुचवू नये. प्राइमवरची २०२५ची 'खौफ' मला मनापासून आवडली. दिल्लीतलं बायकांचं हॉस्टेल, आठ भाग, आणि भुताइतकीच बसमधल्या, रस्त्यावरच्या माणसांची भीती. 'तुंबाड'चा कॅमेरा सांभाळणारा पंकज कुमार इथं दिग्दर्शकांपैकी एक आहे. पण नायिकेवर झालेला अत्याचार हा या मालिकेचा गाभा आहे. तो एखाद्या मुलीसमोर अचानक येऊ नये. माझ्या भाचीला शिफारस करताना मी हे पहिल्या वाक्यातच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मग मी दिवसा बघते, आणि आईबरोबर." तिनं तशीच बघितली आणि नंतर माझ्याशी तासभर बोलली. आधी सूचना दिल्यानं मजा जाते, असं काहींना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. हॉररमध्ये लहान मुलांना इजा, अत्याचार, आत्महत्या यातलं काही असेल तर ते सांगून टाकायचं. ही रहस्यं नव्हेत.

मालिकेबद्दल बोलताना समोरचा कितव्या भागापर्यंत आलाय ते आधी विचारून घ्या. दोन भागांवरून आख्ख्या मालिकेला नावं ठेवू नका. अर्धवट सोडली असेल तर "तिसऱ्यात सोडली" असं सरळ सांगा, तेही मतच आहे.

आणि कुणी तुमच्या आवडत्या पिक्चरला 'बोअर' म्हटलं तर वाद घालण्याआधी विचारा, "कुठं कंटाळा आला?" मल्याळम 'ब्रमयुगम'वरून हे नेहमी होतं. २०२४चा पिक्चर, आणि सगळा ब्लॅक अँड व्हाइट. एक पडका वाडा, त्यात मोजकी माणसं. सावकाश चालतो हे खरंच आहे, ते आधीच कबूल करा. पण समोरच्यानं डब केलेला बघितलाय का, हेही विचारा. त्यातला मुख्य नट मामूट्टी, त्याचं हसणं, त्याचा श्वास, शब्दाआधीचा त्याचा थांबा, सगळी दहशत त्या आवाजात आहे, आणि डबमध्ये नेमकी तीच जाते. त्याला म्हणा, ऑडिओ मल्याळम ठेव, सबटायटल्स लाव, दिवे बंद कर आणि पहिला अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दे. त्यानंतरही कंटाळला, तर त्याचं मत मान्य करा आणि त्याला 'मुंज्या'सारखी हॉरर-कॉमेडी सुचवा.