आधी तासांचा तक्ता, मग नकाशा

आमच्या हॉस्पिटलात केमो डे-केअरला लागून तयार व्हायची, नवजात बाळांचं टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) त्यांच्या अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे एनआयसीयूच्या कोपऱ्यात, आणि अँटिबायोटिक्स वॉर्डात सिस्टर मिसळायच्या. औषधं बनवायचं हे सगळं काम एका नव्या जागी आणायची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टनी विचारलं, "हूड किती लागतील?" हूड म्हणजे गाळलेल्या हवेचं कपाट, त्यात हात घालून औषध बनवतात. महिन्याच्या औषधांच्या एकूण बॅगांना कामाच्या तासांनी भागून आम्ही आकडा सांगून टाकला. तो चुकीचा होता.

केमो दिवसभर सारखी नसते. सकाळी पेशंट येतात, रक्ताचे रिपोर्ट येतात, डॉक्टर डोस पक्का करतात आणि दहा ते बाराच्या दरम्यान सगळ्या चिठ्ठ्या एकदम येऊन पडतात. दुपारी तीनला हूड रिकामा. तेव्हा हिशोब त्या दोन तासांचा करा. आम्ही नंतर दोन आठवडे घड्याळ लावून नोंदी ठेवल्या: चिठ्ठी कधी आली, बॅग हूडमध्ये कधी गेली, बाहेर कधी आली, पेशंटला कधी लागली. बॅगा सगळ्यात जास्त अडकत होत्या त्या हूडमध्ये नव्हे, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. आणि नकाशात त्या टेबलाला जागाच दिलेली नव्हती! सलाईन लावून खुर्चीत ताटकळणारा पेशंट आठवला की अजून वाईट वाटतं.

एकत्र आणायचं म्हणजे एकाच खोलीत कोंबायचं, असं मात्र नाही. टीपीएनच्या खोलीत हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा जास्त हवा, म्हणजे बाहेरची धूळ आत शिरत नाही. केमोच्या खोलीत तो कमी हवा, म्हणजे औषधाचे कण बाहेर पडत नाहीत. धोकादायक औषधं हाताळायच्या अमेरिकेच्या यूएसपी ८०० या मानकात केमोच्या खोलीसाठी हा फरक २.५ ते ७.५ पास्कल इतका दिला आहे. दोन्ही खोल्यांत तासाला निदान ३० वेळा हवा बदलायची, आणि गाऊन घालायची बाहेरची खोली, म्हणजे अँटेरूम, दोघींत सामायिक असेल तर तीही आयएसओ ७ दर्जाची (हवेच्या स्वच्छतेची एक पातळी) लागते. म्हणून एएचयूवाल्यांना (हवा खेळवणारी यंत्रणा बसवणाऱ्यांना) भिंती ठरायच्या आधी बोलवा. डक्ट बीमखालून जाणार असेल तर छत किती खाली येतं, ते तेव्हाच कळतं.

आता अंतर. त्वचेखाली द्यायचं ॲझासायटिडीन हे केमोचं औषध साध्या तापमानाच्या इंजेक्शनच्या पाण्यात बनवलं, की फ्रिजबाहेर तासाभरातच द्यावं लागतं. मी रिकामी सिरिंज ट्रेमध्ये घेऊन नव्या जागेपासून डे-केअरपर्यंत चालून पाहिलं. भेटीच्या वेळेत लिफ्टपाशीच इतकी थांबले, की त्या औषधासाठी वेगळा नियम करावा लागला: "पेशंट खुर्चीत बसलाय" असा सिस्टरांचा फोन आल्याशिवाय व्हायल (औषधाची बाटली) उघडायची नाही.

शेवटची गोष्ट स्वस्तातली आहे, पण माझी सगळ्यात आवडती. बांधकामाआधी गच्चीवर चिकटपट्टीनं खोल्या पूर्ण मापात आखा. हूडच्या जागी टेबलं मांडा, खरी ट्रॉली आणा आणि रोज हे काम करणाऱ्या माणसांनाच त्यात फिरवा. पुठ्ठ्याचे खोके बाहेरच फोडायचे असतात, कारण त्यांचे तंतू आत उडतात. ते फोडायची जागाही आखा. आमची ट्रॉली पास बॉक्ससमोर (सामान आत-बाहेर द्यायच्या भिंतीतल्या खिडकीसमोर) वळेना. तिथल्या तिथे पट्टी उपटून दार दुसऱ्या बाजूला घेतलं आणि तोच बदल मग नकाशावर चढला.