कॉलेजात मानसिक आणि मेंदूच्या आरोग्याची जागृती: पोस्टरआधीची तयारी

पोस्टर वाचून एखादी मुलगी समुपदेशकाकडे गेली आणि तिला 'तीन आठवड्यांनी या' असं उत्तर मिळालं, तर ती बहुधा परत येत नाही. म्हणून मोहिमेची सुरुवात पोस्टरने करू नका. समुपदेशक कुठल्या खोलीत, कधी भेटतात, वेळ कशी घ्यायची, बाहेरचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे सगळं आधी एका कागदावर आणा. हेल्पलाइनचा नंबर छापण्यापूर्वी स्वतः लावून बघा, तोही रात्री. कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात समुपदेशकांना रोज भेटीच्या दोन-तीन वेळा राखून ठेवायला सांगा, कारण विचारणा तेव्हाच वाढते.

आता पोस्टर. 'तणावमुक्त राहा' वाचून कुणी काय करायचं? त्यापेक्षा 'दोन आठवडे झोप नीट नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही? खोली 12, मंगळवारी 2 ते 5' असं लिहा. स्वच्छतागृहाच्या दारांवर आतल्या बाजूने लावा. सूचनाफलकापाशी उभं राहून असा नंबर टिपून घ्यायला मुलं कचरतात. इथे कुणी बघत नाही.

22 जुलै हा जागतिक मेंदू दिन आणि 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. तेवढ्यावर भागवू नका. प्रथम वर्षाचा पहिला महिना आणि परीक्षेआधीचे चार-पाच आठवडे जास्त महत्त्वाचे.

सत्र 40 मिनिटांचं पुरे: निम्मा वेळ माहिती, निम्मा वेळ चिठ्ठ्यांवर आलेले बिननावाचे प्रश्न. मेंदूबद्दल थेट वापरता येईल तेच सांगा. या वयात 7 ते 9 तास झोप लागते, आणि वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात. खेळताना डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. फिट आल्यास घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवा. कुशीवर वळवणं जोड्या करून प्रत्यक्ष करून घ्या. नुसतं ऐकलेलं ऐनवेळी आठवत नाही.

आत्महत्येविषयी बोलताना पद्धतीचं वर्णन कधीही नको. मात्र 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे ठासून सांगा; मित्रमंडळी नेमकी इथेच अडतात. विद्यार्थी-मित्रांचं काम ऐकणं, विचारणं आणि सोबत जाऊन मदतीपर्यंत पोहोचवणं एवढंच. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन त्यांनी देऊ नये. जिवाला धोका असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मोठ्यांना कळवायचं.

सर्वात मोठी चूक पीएचक्यू-9 या नैराश्याची लक्षणं तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत होते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बिननावाचे अर्ज भरून घेतले आणि कुणी तिथे 'जवळजवळ रोज' लिहिलं, तर त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार कसे? उत्तरं त्याच दिवशी वाचून त्या विद्यार्थ्याशी बोलणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर ही प्रश्नावली वाटूच नका.

यश सभागृहातल्या गर्दीवर मोजू नका. समुपदेशकांकडे पहिल्यांदा येणाऱ्यांना 'इथलं कुठून कळलं?' एवढं विचारायला सांगा, नावं नकोत, फक्त आकडे घ्या, आणि ज्या पोस्टरमुळे कुणीच आलं नाही ते पुढच्या महिन्यात बदला.