पोटाचा व्यायाम निवडायचा तर आधी एक पंचा घ्या

नवरात्र महिन्यावर आली की आमच्या गच्चीवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोटासाठी काय करू?" बडोद्यात नऊ रात्री गरबा खेळायचा, चनिया-चोळी घालायची, म्हणून पोटाची आठवण नेमकी तेव्हाच होते. मी दांडिया बाजारात राहते आणि सकाळी गच्चीवर आसपासच्या बायकांना व्यायाम शिकवते. विचारणारीला मी आधी उलट विचारते, "पोट कमी करायचंय की पोट बळकट करायचंय?" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची वाटही वेगळी आहे.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी झडत नाही. शरीर चरबी वापरतं ती सगळीकडून, थोडी थोडी. कुठून आधी कमी होणार हे आपल्या हातात नसतं. ते काम जेवणाचं, भरपूर चालण्याचं आणि पुरेशा झोपेचं. त्यासाठी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा आणि लिहून ठेवा. भारतीय बायकांत ८० सेंमी आणि पुरुषांत ९० सेंमीच्या वर घेर गेला तर डॉक्टर साखर आणि रक्तदाब तपासायला सांगतात. घेर बराच जास्त असेल तर रविवारचा फाफडा-जिलबी आणि रोजचं चालणं यांचा विचार आधी करा. पण स्नायू बळकट करणं त्यासाठी थांबवू नका. कमरेचं दुखणं लांब ठेवायला ते आजपासूनच उपयोगी पडतं.

आता बळकटीकडे. पोटाचे मुख्य स्नायू चार. पुढचा उभा स्नायू, ज्याच्या वड्या दिसाव्यात म्हणून तरुण मुलं धडपडतात. बाजूचे दोन तिरपे. आणि सगळ्यात आत आडवा, कमरेला शेला गुंडाळावा तसा. शरीराची घडी घालणं हे या स्नायूंचं एक काम झालं. पण दिवसभर ते जास्त करून उलटंच काम करत असतात: पाठ मागे वाकू न देणं, कंबर एका बाजूला कलू न देणं, वळताना कण्याला पीळ बसू न देणं. बादली उचलताना, बसमध्ये दांडी धरून उभं राहताना, गरब्यात गिरकी घेऊन एकदम थांबताना लागतं ते हेच. म्हणून व्यायाम निवडताना मी एवढंच बघते: हात-पाय हलत असताना कंबर जागेवर राहते का?

हे तपासायला पंचा लागतो. जाड टॉवेल नको, साधा सुती पंचा चार पदरी घडी करून घ्या. चटईवर उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. घडी कमरेच्या पोकळीत सरकवा, एक टोक बाहेर राहू द्या. कंबर अलगद खाली दाबा, इतकीच की पंचा दबून राहील. घरातल्या कुणाला तरी ते टोक हळूहळू ओढायला सांगा. आता मोठ्याने एक, दोन, तीन मोजत उजवा पाय वीतभर उचला आणि ठेवा, मग डावा. मोजायचं अशासाठी की श्वास कोंडला जाऊ नये. पंचा हलला नाही तर पोट काम करतंय. सुळकन निघाला तर तुमची पायरी तीच: पंधरा दिवस एवढंच करा.

आमच्या शेजारच्या काकू साठीच्या. त्यांचा पंचा पहिल्याच पायाला निघाला आणि त्या हिरमुसल्या. त्यांचा मुलगा रोज जिममध्ये दोन्ही पाय सरळ उचलण्याचे पन्नास फेरे मारतो. तो म्हणाला, "बघू, माझा ओढा." त्याने दोन्ही पाय उचलले आणि पंचा माझ्या हातात आला. कमरेखाली अख्खा हात जाईल एवढी कमान झाली होती. कारण असं की कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाणारा एक जाडजूड स्नायू आहे. पाय तोच उचलतो, आणि उचलताना मणक्यांना पुढे खेचतो. पोटाने ती ओढ धरून ठेवली तर व्यायाम पोटाचा. नाही धरली तर दुखणं कमरेचं. काकूंचा मुलगा महिनाभर एकेक पाय उचलत राहिला आणि मगच पुन्हा दोन्हींवर गेला.

हे मी स्वतः सोसून शिकले. तिशीत असताना एका जिममध्ये पाय अडकवून रोज शंभर उठाबशा काढायला लावल्या होत्या, उताण्या झोपून उठायच्या त्या. तिसऱ्या आठवड्यात मला वाकून बादली उचलता येईना. पाय अडकवले की तोच मांडीचा स्नायू बरंचसं काम ओढून घेतो आणि कणा पुन्हा पुन्हा दुमडतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. शिवाय मी ते पहाटे उठल्या उठल्या करायचे. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर कंबर दुमडणारा व्यायाम टाळावा.

तर निवड अशी करा.

पाठ मागे वाकू न देणारा एक व्यायाम घ्या. पंचा टिकायला लागला की 'डेड बग' सुरू करा. उलटं पडलेलं झुरळ डोळ्यांपुढे आणा: उताणं झोपून हात छताकडे, गुडघे वर, काटकोनात. उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, दोन्ही एकाच वेळी सावकाश लांब करा, परत आणा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला सहा वेळा. पाय किती खाली न्यायचा ते पंचा सांगेल. बायका इथेच घाई करतात. पाय लांब करताना तोंडाने फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा, बरगड्या आपोआप खाली बसतात आणि आतला आडवा स्नायू आवळला जातो. तो आवळलेला कळत नसेल तर कमरेच्या पुढच्या दोन हाडांच्या किंचित आत बोटं ठेवून खोका, बोटांखाली जे घट्ट होतं तेच.

कुशीवरचा एक घ्या. कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, कंबर उचलून दहा मोजा. चार वेळा, दोन्हीकडे. जमलं की पाय सरळ.

पीळ अडवणारा एक: हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात कण्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल कुशीवरचा व्यायाम, हा पीळ अडवणारा आणि डोकं-खांदे जेमतेम उचलण्याचा तिसरा, असं त्रिकूट सुचवतात. दहा-दहा सेकंद धरायचं आणि सोडायचं, हेही त्यांचंच सांगणं. तीन-तीन मिनिटं प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं धरून, थरथरत राहण्यापेक्षा दहा सेकंदांचे सहा नेटके प्लँक मला जास्त पटतात.

जोर काढता येत असतील तर फार छान. आपल्या बडोद्यात १८८० साली जुम्मादादांचा आखाडा सुरू झाला, पुढे प्राध्यापक माणिकरावांनी तो नावारूपाला आणला. आखाड्यातला जोर नीट काढला तर अख्खं अंग फळीसारखं धरावं लागतं, वर हात-खांदे काम करतात ते निराळंच. मल्लखांबावर तर पोट सैल सोडून क्षणभर टिकता येत नाही. घरात तालमीची आठवण असलेली मंडळी असतील तर त्यांच्याकडून जोर शिकून घ्या, व्हिडिओपेक्षा ते चूक लवकर पकडतात. पण जोर काढताना कंबर झोळीसारखी लोंबत असेल तर आधी पंच्याकडे परत या.

आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं पुरे. व्यायाम सोपा वाटला तर आकडे वाढवण्याआधी वेग कमी करून बघा.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारायलाच हवं. हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, कमरेतून कळ पायात उतरत असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, किंवा गरोदर असाल तर. बाळंतपणानंतर डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल तर पुढच्या उभ्या स्नायूचे डावे-उजवे भाग अजून एकमेकांपासून लांब आहेत असं समजा. त्या वेळी उठाबशा आणि प्लँक नको, श्वासाबरोबर पोट आत घेण्यापासून सुरुवात. रक्तदाब असेल तर कुठल्याच व्यायामात श्वास कोंडू नका, आणि कुठे कळ आली तर तिथेच थांबा.

शेवटचा व्यायाम माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि त्याला चटईही लागत नाही. खंडेराव मार्केटातून भाजी आणताना सगळी भाजी एकाच पिशवीत भरा आणि एकाच हातात धरा. खांदे समांतर, मान सरळ, पिशवीच्या बाजूला कलायचं नाही. शंभर पावलांनी हात बदला. उजवीकडे पिशवी असते तेव्हा डाव्या बाजूचे तिरपे स्नायू आपल्याला उभं धरून ठेवतात, दुसरा हात तिथे ठेवलात तर जाणवेल. घरी करायचं तर बादलीत पाच लिटर पाणी घ्या, म्हणजे पाच किलो वजन झालं, आणि गच्चीवर फेऱ्या मारा. पाणी हिंदकळलं नाही की पुढच्या आठवड्यात एक लिटर वाढवा. काकू आता आठ लिटरवर आहेत.