घरच्या कॉम्प्युटरवर डीएनएस कसा बदलावा, आणि तो खरंच बदलला का हे कसं तपासावं

डीएनएस बदलणं म्हणजे आकड्यांचे दोन पत्ते एका चौकटीत टाइप करणं. दोन मिनिटांचं काम. मी ते नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या आणि ओळखीच्यांच्या कॉम्प्युटरवर इतक्या वेळा केलंय की मोजदाद राहिलेली नाही. पण 'सेव्ह' दाबल्यानंतरही कॉम्प्युटर बिनबोभाट जुन्याच सर्व्हरला विचारत राहू शकतो, आणि स्क्रीनवर तसं कुठेही लिहून येत नाही. बहुतेक सल्ले 'सेव्ह'पाशीच संपतात, याचा मला मनापासून राग आहे. म्हणून पत्ते टाकण्याचा भाग इथे थोडक्यात उरकतो आणि तपासणीचा भाग सविस्तर सांगतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. 'डीएनएस बदला, इंटरनेट सुसाट पळेल' हे खरं नाही. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणं, एवढंच डीएनएसचं काम. कनेक्शन सेकंदाला ५० मेगाबिटचं असेल तर बदलानंतरही ते ५०चंच राहणार आणि मोठी फाइल उतरायला तेवढाच वेळ लागणार. फार तर पान उघडण्याआधी जो क्षणभर थांबा असतो तो कमी होईल.

मग बदलायचा कशाला? इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर अधूनमधून मान टाकतो म्हणून. त्याची खूण ओळखायला सोपी आहे: वाय-फाय जोडलेलं दिसतं, आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉलही चालू राहतो, पण नवीन पान काही केल्या उघडत नाही. कारण कॉलला पत्ता आधीच मिळालेला असतो, नव्या पानाला तो मिळत नाही. असं वारंवार होत असेल तर बदलच करा.

कोणता निवडायचा

गूगलचा ८.८.८.८ आणि ८.८.४.४ ही जोडी २००९ पासून आहे. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ आणि १.०.०.१ ही १ एप्रिल २०१८ला आली. क्वाड९ची जोडी ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. फसवणुकीच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइट म्हणून ज्यांची नोंद झालेली आहे, त्यांचे पत्ते क्वाड९ देतच नाही. म्हणून घरातल्या वयस्कर माणसांच्या कॉम्प्युटरवर मी डोळे मिटून हाच टाकतो. मुलांच्या कॉम्प्युटरसाठी क्लाउडफ्लेअरचेच १.१.१.३ आणि १.०.०.३ आहेत, ते अश्लील साइटही अडवतात. यातला कोणताही घेतलात तरी तुम्ही कोणत्या साइटचं नाव विचारलंत हे त्या सर्व्हरला दिसणारच. ज्याच्यावर विश्वास आहे तो निवडा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पत्ते एकत्र करू नका. 'एक बंद पडला तर दुसरा' म्हणून १.१.१.३च्या खाली ८.८.८.८ लिहिलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. पहिल्याकडून वेळेत उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारतो, आणि दुसरा काहीच अडवत नाही. मुलांसाठी लावलेली चाळणी तिथेच फाटते. दोन्ही पत्ते एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या. राउटरचा जुना पत्ता तर 'असू दे सोबतीला' म्हणून मुळीच ठेवू नका.

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपला हात लावू नका. ऑफिसच्या आतल्या साइटची नावं बाहेरच्या डीएनएसला माहीत नसतात.

पत्ते टाकणं

आकडे इंग्रजीतच टाइप करायचे, मधले ठिपके धरून.

विंडोज ११: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. केबल असेल तर वाय-फायऐवजी इथरनेट. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोरचं एडिट दाबा, ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करा, आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी, चार आकड्यांची पद्धत) चालू करा, दोन पत्ते टाका. प्रत्येक पत्त्याखाली 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' (वाटेत कोणाला वाचता येणार नाहीत असे प्रश्न पाठवण्याची सोय) असा पर्याय दिसतो, तिथे ऑन, ऑटोमॅटिक टेम्प्लेट निवडा. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धत) चालू करून त्याचेही पत्ते आत्ताच भरा. का, ते खाली येईलच.

विंडोज १०मध्ये सेटिंग्जच्या वाटेने जाऊ नका. तिथलं मॅन्युअल निवडलं की ते डीएनएसबरोबर कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता, प्रीफिक्स लेंग्थ आणि गेटवेही मागतं. लोक अंदाजाने काहीतरी भरतात आणि सगळं इंटरनेट बंद पाडून बसतात. त्याऐवजी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) टाइप करा, आपल्या कनेक्शनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. यादीतल्या आयपीव्ही४च्या ओळीवर दोनदा क्लिक करा आणि फक्त खालच्या अर्ध्या भागात पत्ते भरा. वरचा अर्धा भाग ऑटोमॅटिकच राहू द्या.

मॅक: सिस्टीम सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, डिटेल्स, डीएनएस. अधिकचं चिन्ह दाबून पत्ते घाला. राउटरकडून आलेले फिकट राखाडी पत्ते आपोआप निघून जातात. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही याच एका यादीत बसतात.

उबुंटू: सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शनसमोरचं दातेरी चाक, आयपीव्ही४. डीएनएससमोरचं ऑटोमॅटिक बंद करा आणि पत्ते स्वल्पविराम देऊन लिहा. आयपीव्ही६च्या पानावरही तसंच. मग कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा.

इथेच मी अडकलो होतो

एका नातेवाइकांकडे रोज संध्याकाळी पानं उघडेनाशी व्हायची. मी डीएनएस बदलला, दोन-तीन साइट उघडून दाखवल्या आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन आला, पुन्हा तेच. पुन्हा गेलो, पत्ते पाहिले, अगदी बरोबर होते. वेगळ्या कंपनीचे टाकले. तिसऱ्या दिवशी परत फोन. तीन संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसून काढल्या आणि दोष राउटरवर, केबलवर, अगदी वाय-फायच्या जागेवरसुद्धा ढकलला.

शेवटी कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडला, एनएसलुकअप (nslookup) असं लिहिलं आणि एक जागा सोडून एका साइटचं नाव. उत्तराच्या पहिल्या दोन ओळी कोणी वाचत नाही, मीही वाचत नव्हतो. त्या दिवशी वाचल्या. पहिली ओळ 'सर्व्हर', दुसरी 'अॅड्रेस', आणि अॅड्रेससमोर मी टाकलेला पत्ता नव्हता. तिथे एफई८० ने सुरू होणारं काहीतरी होतं. हा राउटरचा आयपीव्ही६ पत्ता. मी फक्त आयपीव्ही४चा डीएनएस बदलला होता. राउटर मात्र आयपीव्ही६च्या वाटेने 'डीएनएस मलाच विचारा' असं कॉम्प्युटरला सांगतच होता, आणि कॉम्प्युटर त्याचं ऐकत होता. तीन दिवस सगळे प्रश्न त्याच आजारी सर्व्हरकडे जात होते.

म्हणून आयपीव्ही६चे पत्ते भरायचेच. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१चे २६०६:४७००:४७००::११११ आणि २६०६:४७००:४७००::१००१; मुलांसाठी १.१.१.३ घेतला असेल तर शेवटी १११३ आणि १००३, नाहीतर चाळणी फाटते. गूगलचे २००१:४८६०:४८६०::८८८८ आणि २००१:४८६०:४८६०::८८४४. क्वाड९चे २६२०:एफई::एफई आणि २६२०:एफई::९. मधले दोन-दोन विसर्गचिन्हासारखे ठिपके लागोपाठ आहेत, ती चूक समजून एक जोडी खोडू नका. विंडोज १०मध्ये त्याच यादीत आयपीव्ही६ची वेगळी ओळ आहे, तिच्यात भरा.

यावर 'आयपीव्ही६ची टिकच काढून टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. पत्ते भरायला एक मिनिट लागतं, तेवढ्यासाठी आख्खी व्यवस्था बंद करायची नसते. विंडोजचे काही भाग ती चालू आहे असं धरूनच बनवलेले आहेत, आणि ती बंद करू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं.

आता तपासणी. एनएसलुकअपमध्ये फक्त साइटचं नाव द्या, त्यापुढे सर्व्हरचा पत्ता जोडू नका. हीसुद्धा नेहमीची चूक आहे. साइटच्या नावापुढे १.१.१.१ जोडलंत तर तुम्ही स्वतःच त्या सर्व्हरला विचारायला सांगताय. उत्तर येणारच, आणि त्यावरून कॉम्प्युटर एरवी कोणाला विचारतो हे कळणार नाही. नुसतं नाव दिल्यावर सर्व्हरसमोर 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन' दिसलं तर क्लाउडफ्लेअर, 'डीएनएस डॉट गूगल' दिसलं तर गूगल. एफई८० किंवा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला तर प्रश्न अजून राउटरकडेच जातोय.

एनएसलुकअपचं उत्तर बरोबर आलं तरी ब्राउझर तपासायचा राहतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांच्याही सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएस नावाची स्वतंत्र सोय आहे. तिथे एखादी कंपनी निवडलेली असेल तर ब्राउझर कॉम्प्युटरच्या डीएनएसला विचारतच नाही, थेट तिच्याकडे जातो. फायरफॉक्स काही देशांत हे आपणहून करतो. मुलांसाठी चाळणी लावताना नेमकं हेच विसरलं जातं: कॉम्प्युटरवर १.१.१.३ आणि ब्राउझरमध्ये भलताच सर्व्हर. क्रोममध्ये ही सोय 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'सिक्युरिटी'त आहे, फायरफॉक्समध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' या नावाने. दोन्हीकडे बघा. व्हीपीएन वापरत असाल तर तो चालू असेपर्यंत बहुधा त्याचाच डीएनएस चालतो, म्हणून तपासताना तो बंद ठेवा.

ब्राउझरची खात्री ब्राउझरमधूनच करायची. क्लाउडफ्लेअर घेतला असेल तर पत्त्याच्या पट्टीत १.१.१.१, तिरकी रेघ आणि हेल्प असं टाका. जे पान उघडतं त्यात '१.१.१.१ला जोडलेलं आहे का' यासमोर येस किंवा नो लिहिलेलं असतं, आणि प्रश्न एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाहीत असे, जातायत का तेही असतं. क्वाड९साठी ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट.

कधीकधी एनएसलुकअप तुमचाच सर्व्हर दाखवतो आणि हे पान मात्र नो म्हणतं. ब्राउझरचं सेटिंग ठीक असूनही असं होत असेल तर वाटेत कोणीतरी प्रश्न अडवून स्वतःच उत्तर देत असण्याची शक्यता मोठी. साधे डीएनएस प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून उघडे जातात, आणि राउटर किंवा इंटरनेट देणारी कंपनी ते परस्पर स्वतःकडे वळवू शकते. तुम्ही पत्ता कोणताही टाका, पोचणार ते त्यांच्याकडेच. याला उपाय एन्क्रिप्टेड डीएनएस. विंडोज ११मध्ये वर जो डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसचा पर्याय चालू करायला सांगितला तो याचसाठी. सेव्ह केल्यावर पत्त्याशेजारी 'एन्क्रिप्टेड' हा शब्द दिसतो का बघा. दिसत नसेल तर तो पर्याय लागलेला नाही. विंडोज १०वर निदान ब्राउझरमधली सुरक्षित डीएनएसची सोय त्याच कंपनीवर लावा.

एवढं करून एखादीच साइट जुन्यासारखी वागत असेल तर आधी साठवून ठेवलेली उत्तरं पुसा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरकी रेघ आणि लागूनच फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns). ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही तीच एक साइट अडत असेल तर होस्ट्स नावाची फाइल उघडून बघा. डीएनएसची पद्धत १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. त्याआधी सगळी नावं आणि पत्ते अशाच एका फाइलमध्ये ठेवले जायचे, आणि तिचा वंश अजून प्रत्येक कॉम्प्युटरवर टिकून आहे. कॉम्प्युटर डीएनएसच्या आधी तिचं ऐकतो. विंडोजमध्ये ती सिस्टीम३२च्या आत ड्रायव्हर्स आणि त्याच्या आत ईटीसी या फोल्डरमध्ये असते. हॅशच्या चिन्हाने (#) सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी. त्या साइटचं नाव असलेली वेगळी ओळ सापडली तर दोष तिचा, डीएनएसचा नाही.

लॅपटॉप बाहेर नेलात आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या एखाद्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडेना, तर तेवढ्यापुरतं मॅन्युअलचं ऑटोमॅटिक करा. ते पान दाखवायला तिथल्या राउटरला स्वतःचाच डीएनएस हवा असतो. लॉगिन झालं की परत मॅन्युअल. पत्ते पुन्हा टाइप करावे लागू शकतात, त्यामुळे चारही पत्ते फोनमध्ये लिहून ठेवा.