कृष्णवर्णीय वस्तीत मुलांसाठी उपक्रम सुरू करताना

अमेरिकेतील एखाद्या साधनवंचित कृष्णवर्णीय वस्तीत मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा उपक्रम सुरू करायचा असेल, तर आराखडा कागदावर उतरवण्याआधी त्या वस्तीत काही आठवडे नुसते जात-येत राहावे. तेथील उणीव आपसूक आलेली नाही. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर अशा अनेक वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून दाखवल्या गेल्या, सरकारी हमीचे गृहकर्ज तेथील लोकांना जवळजवळ मिळेनासे झाले आणि घरांच्या व्यवहारातील वांशिक भेदभावावर केंद्रीय बंदीचा कायदा यायला १९६८ साल उजाडले. त्यामुळे बाहेरून आलेल्या, कितीही सदिच्छा असलेल्या माणसाकडे लोक आधी संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

म्हणून जागा आणि माणसे वस्तीतलीच घ्यावीत. जानेवारी १९६९मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता देण्यास प्रारंभ केला, तो सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये. जागा मुलांच्या ओळखीची असल्याने आईवडिलांचा विश्वास वेगळा मिळवावा लागला नाही. आजही चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी), केशकर्तनालयाच्या मालकाशी आणि नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांशी बोलल्याशिवाय पत्रके छापू नयेत. शक्य असेल तर निम्मी तरी मानधनाची कामे तेथील रहिवाशांना द्यावीत. सगळे पगार बाहेरच्यांना आणि फुकट राबणे मात्र वस्तीला, ही विभागणी लोकांच्या लगेच लक्षात येते.

अभ्यासाच्या आधी जेवणाची सोय करावी. शाळेच्या हद्दीतील किमान ५० टक्के मुले मोफत किंवा सवलतीच्या भोजनास पात्र असतील, तर केंद्रीय कृषी खात्याच्या योजनांतून शाळेनंतरच्या खाण्याचा आणि उन्हाळी सुटीतील जेवणाचा खर्च परत मिळू शकतो. मात्र शाळेनंतरच्या योजनेसाठी जेवणासोबत शिक्षणाचा किंवा कलाकौशल्याचा एखादा कार्यक्रम असावा लागतो. त्यासाठी रोजच्या नोंदी चोख ठेवाव्या लागतात, आणि नवख्या संस्था बहुधा येथेच अडखळतात.

पालकांसाठी स्वतंत्र वेळ राखावा. न्यूयॉर्कमधील हार्लेम चिल्ड्रन्स झोन ही संस्था गरोदर माता आणि तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या पालकांसाठी नऊ आठवड्यांचा वर्ग चालवते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला संध्याकाळी सहाच्या सभेला बोलावून ती आली नाही म्हणून तिला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. तिच्या सुटीचा वार विचारावा आणि त्या वेळेपुरते तिचे मूल सांभाळण्याची व्यवस्था करावी.

नोंदणीची घाई नको. पहिले वर्ष एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काढता येते. पुढे करमुक्त दर्जा हवा झाल्यास, वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरपेक्षा अधिक नसेल, तर साधारणपणे केंद्रीय कर खात्याचा १०२३-ईझेड हा संक्षिप्त अर्ज २७५ डॉलर शुल्कासह भरता येतो. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासणी (पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद आहे का ते पाहणे) मात्र पहिल्या दिवसाआधीच पूर्ण व्हावी, आणि कोणताही प्रौढ एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम पाळकांनाही लागू असावा.