'थकीत बिल' उघडलं आणि…

दुकानाच्या मेलवर 'थकीत बिल' नावाची आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारी) फाइल आली. भाच्याने उघडली. पान कोरं, पण टास्क मॅनेजरमध्ये इक्वेशन एडिटर, म्हणजे वर्डमध्ये गणिताची सूत्रं लिहायचा प्रोग्रॅम, चालू! आम्ही आयुष्यात साधं वर्गमूळ टाइप केलेलं नाही.

आधी नेटची वायर उपटली. मग शोधलं: सीव्हीई-२०१७-११८८२, म्हणजे याच एडिटरमधल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक. फाइलमध्ये फॉन्टचं नाव मेमरीत राखलेल्या जागेपेक्षा लांब दिलं की हल्लेखोराचा कोड चालतो, मॅक्रोची (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रॅमची) परवानगीही लागत नाही. दुरुस्ती नोव्हेंबर २०१७ मध्येच आली होती. जानेवारी २०१८ च्या अपडेटने तर एडिटरच काढून टाकला. आमचे अपडेट बंद. नेटचा डेटा वाचवायला मीच केलेले, काय बोलणार!

पीसी फॉरमॅट केला, सगळे अपडेट घेतले, बँकेचे पासवर्ड फोनवरून बदलले. मेलवरची फाइल उघडली की वर्डमध्ये येणाऱ्या 'एनेबल एडिटिंग'च्या पिवळ्या पट्टीला भाचा अजून हात लावत नाही.