विषाणू नळीत आलाच नाही, तर मशीन काय करणार?

मॉलिक्युलर लॅबमध्ये नव्याने आलेल्यांचं लक्ष आधी पीसीआर मशीनकडे, म्हणजे विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो शोधणाऱ्या यंत्राकडे जातं. माझंही गेलं होतं. रक्तात हिपॅटायटिस बी किंवा सी अगदी थोडा असलेले नमुने हाताळायला लागले, तेव्हा कळलं की बरंचसं मशीनच्या आधीच ठरलेलं असतं.

हा हिशेब एकदा कागदावर कराच. तुम्ही २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतला, त्यातलं न्यूक्लिइक ॲसिड (विषाणूचं डीएनए किंवा आरएनए) ५० मायक्रोलिटर द्रावणात उतरवलं आणि त्यातले ५ रिॲक्शनला घातले. म्हणजे तपासला गेला फक्त २० मायक्रोलिटर प्लाझ्मा! रुग्णाच्या १ मिलिलिटरमध्ये ५० विषाणू असतील, तर तुमच्या नळीत सरासरी एकच येतो. काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी १०० पैकी ३७ वेळा नळीत एकही नसतो. तोच नमुना आज पॉझिटिव्ह, उद्या निगेटिव्ह येतो तो असा. तुमच्या किटला चालत असेल तर १ मिलिलिटर प्लाझ्मा घ्या आणि ५० पैकी २५ मायक्रोलिटर रिॲक्शनला वापरा. तीच सरासरी २५ वर जाते.

सहाव्या महिन्यात माझ्या हातून लायसिस बफरमध्ये (विषाणू फोडणाऱ्या द्रावणात) कॅरिअर आरएनए, म्हणजे विषाणूच्या मोजक्या रेणूंना सोबत म्हणून घालायचं जादा आरएनए, घालायचं राहिलं. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू असल्याचं माहीत असलेला नमुना, झकास आला, कारण तो दणकट (भरपूर विषाणूंचा) होता. इंटर्नल कंट्रोल, म्हणजे प्रत्येक नमुन्यात मुद्दाम घातलेला ओळखीचा रेणू, दोन सायकल (प्रती करण्याच्या फेऱ्या) उशिरा, पण मर्यादेत. उपचार चालू असलेल्या एका बाईंचा, आधी थोडासा सापडलेला हिपॅटायटिस सी मात्र गायब. रिपोर्ट जाण्याआधी सीनियर ताईंनी जुना निकाल काढला आणि फ्रीझर उघडला. कॅरिअरची त्या दिवसाची नळी न उघडलेली, तशीच. कॅरिअर नसेल तर मोजके आरएनए रेणू कॉलममध्ये (ते गाळून धरणाऱ्या छोट्या नळीत) नि नळीच्या भिंतींना अडकून वाया जातात. पुन्हा लावलं, सापडला. तेव्हापासून दणकट कंट्रोलच्या जोडीला शोधमर्यादेच्या (चाचणीला भरवशाने सापडणाऱ्या सर्वांत कमी पातळीच्या) साधारण तिप्पट पातळीचा क्षीण कंट्रोल पहिल्या पायरीपासून चालवल्याशिवाय मी रन पास करत नाही.

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतच मागा. दुसऱ्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून असतं ते हेपॅरिन पीसीआर अडवतं. प्लाझ्मा काही तासांत वेगळा करा, आणि वारंवार गोठवणं-वितळवणं नको. शंका आली तर मूळ प्लाझ्म्यापासून न्यूक्लिइक ॲसिड पुन्हा काढा.

रक्तपेढीत गेलात तर सहा दात्यांचे नमुने एकत्र करून तपासायची पद्धत भेटेल. त्यात प्रत्येक नमुना सहापट पातळ होतो. छुप्या हिपॅटायटिस बीमध्ये एचबीएसएजी (नेहमीच्या रक्तचाचणीत शोधलं जाणारं विषाणूचं प्रथिन) निगेटिव्ह असतं आणि डीएनए बहुधा २०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटरच्याही खाली, म्हणून पातळ केल्यावर तो निसटू शकतो. ती पिशवी थॅलेसेमियाच्या मुलाला लागू शकते, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणून जमेल तिथे एकेका दात्याची स्वतंत्र चाचणी व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि रिपोर्ट लिहिताना 'आढळला नाही' आणि 'आढळला, पण मोजता येण्याइतका नाही' हे दोन निकाल कधीही एकाच रकान्यात कोंबू नका. डॉक्टर त्यावरून औषध पुढे चालवायचं की नाही ते ठरवतात.